कॅमेरा लॅपटॉपला जोडून इंटिरियर शूट कसं करायचं, केबलपासून कुशनपर्यंत

कॅमेऱ्याच्या मागची स्क्रीन असते जेमतेम तीन-सव्वातीन इंचांची. डिझायनर आपल्या खांद्यावरून वाकून बघते, "हो छान आलाय, पुढचा घेऊया" म्हणते, आणि आठवड्याने फोटो हातात पडले की फोन येतो, टीव्हीच्या खालची वायर दिसतेय, बेडवरची चादर डावीकडे लोंबतेय, चिमणीवरचं प्लॅस्टिक कुणी काढलंच नाही. तोवर घरात माणसं राहायला आलेली असतात, ओट्यावर मिक्सर आणि डब्यांची रांग लागलेली असते, दारामागे कपडे लटकलेले असतात. मग ते घर परत तसं लावायचं कुणी आणि कधी?

यावर मला सापडलेला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे टेदरिंग. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडायचा, क्लिक झालं की दोन-तीन सेकंदात फोटो मोठ्या स्क्रीनवर येतो आणि खोलीत असलेले सगळे तो एकत्र बघतात. मी पुण्यात आणि आसपास डिझायनर लोकांसाठी फ्लॅट, ऑफिस, क्लिनिक असं शूट करते आणि आता टेदर केल्याशिवाय इंटिरियरचं काम घेतच नाही. लग्नाला, ट्रेकला याचा काही उपयोग नाही, पण इंटिरियरमध्ये कॅमेरा ट्रायपॉडवर असतो, खोली कुठे पळून जात नाही, आणि प्रत्येक फ्रेमवर अर्धा-पाऊण तास जातो, त्यामुळे या कामाला टेदरिंग अगदी फिट बसतं. आणि एक गोष्ट आधीच सांगते, याचा खरा फायदा फोटोग्राफरपेक्षा डिझायनरला जास्त होतो, कारण सहा-आठ महिने त्या घरावर खपलेली नजर त्याची किंवा तिची असते, आपण तिथे आज सकाळी पहिल्यांदा आलेलो असतो.

सामानात सगळ्यात महत्त्वाची केबल. मोबाईल चार्जिंगची जी टाइप-सी केबल घरात पडलेली असते ती लावून बघू नका, त्यातल्या बऱ्याच फक्त चार्जिंगच्या कामाच्या असतात, डेटा एकतर जात नाही किंवा इतका हळू जातो की डिझायनर कंटाळते. तुमच्या कॅमेऱ्याला कुठला पोर्ट आहे ते आधी बघा, नवीन मिररलेसना (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना) बहुतेक टाइप-सी असतो, पण कॅनन फाइव्ह-डी मार्क फोरसारख्या जुन्या कॅमेऱ्याला तो रुंद मायक्रो-बी असतो. लांबी साधारण साडेचार-पाच मीटर लागते, कारण लॅपटॉप फ्रेमच्या बाहेर ठेवायचा असतो आणि हॉलचा कोपरा ते पॅसेज हे अंतर वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. पण यूएसबी थ्रीची साधी केबल तीन मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, म्हणून लांब हवी असेल तर टेदरिंगसाठी बनवलेली किंवा आत सिग्नल वाढवणारी चिप असलेली अ‍ॅक्टिव्ह केबल घ्या. रंग भडक केशरी घ्या. साइटवर शेवटच्या दिवशी सुतार, इलेक्ट्रिशियन, सफाईवाल्या मावशी सगळे एकाच वेळी फिरत असतात आणि चॉकलेटी वुडन फ्लोअरवर काळी केबल कुणालाच दिसत नाही.

केबल कॅमेऱ्यात खुपसून तशीच लटकत सोडायची नाही, हे दहा वेळा सांगितलं तरी कमी आहे. कॅमेऱ्याचा पोर्ट नाजूक असतो आणि कुणाचा पाय अडकला की झटका सरळ त्याला बसतो, पोर्ट गेला की बोर्डापर्यंत खर्च जातो. यासाठी कॅमेऱ्याच्या खाली, ट्रायपॉड प्लेटला लागणारा एक छोटा क्लॅम्प मिळतो ज्यातून केबल वळवून जाते, तो लावा. तो नसेल तर केबलचा एक सैल वेढा ठेवून ती ट्रायपॉडच्या पायाला वेल्क्रोने बांधा, म्हणजे ओढ बसली तर ती ट्रायपॉडला बसेल, पोर्टला नाही. लॅपटॉपच्या बाजूलाही तसंच करा. आणि जमिनीवरून केबल जाते तिथे मास्किंग टेप लावा, सेलोटेप नको, वीनियर किंवा नवीन पॉलिशवरून काढताना सेलोटेप डाग सोडते आणि मग मिस्त्री तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ते बघवत नाही.

लॅपटॉप ठेवायला काहीतरी स्वतःचं न्या. ग्राहकाच्या नव्या कोऱ्या डायनिंग टेबलवर ठेवला की दर दुसऱ्या फ्रेमला तो हलवावा लागतो, कारण टेबल फ्रेममध्ये येतं. मी साध्या लाइट स्टँडवर एक प्लाय बसवून घेतला आहे आणि त्यावर लॅपटॉप ठेवते, खाली वाळूची पिशवी अडकवते. सुताराने अर्ध्या तासात करून दिला.

सॉफ्टवेअरबद्दल लोक फार गोंधळतात, पण सुरुवात फुकटात होते. कॅननचं ईओएस युटिलिटी, निकॉनचं एनएक्स टेदर, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप, फुजीचं एक्स अ‍ॅक्वायर हे सगळं कंपनी फुकट देते. निकॉनवाल्यांनी फोटो बघायला सोबत एनएक्स स्टुडिओ उघडं ठेवायचं. विंडोजवर डिजिकॅमकंट्रोल नावाचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवाल्यांसाठी डार्कटेबल आहे. लाइटरूम क्लासिक आधीच वापरत असाल तर त्यात कॅनन आणि निकॉनचं टेदरिंग जुनंच आहे, सोनीच्या काही मॉडेलचं २०२४ मध्ये आलं. मी स्वतः कॅप्चर वन वापरते, स्वस्त नाही, पण दिवसभर टेदरवर काम असेल तर ते कमी वेळा अडकतं आणि त्यात ओव्हरले नावाचं एक टूल आहे ज्याच्यासाठी मी ते पैसे देते, त्याबद्दल पुढे सांगते.

आता सेटिंग. कॅमेऱ्यात यूएसबी कनेक्शनचा मोड बघा, सोनीत तो पीसी रिमोट हवा, नाहीतर लॅपटॉपला कॅमेरा पेनड्राइव्हसारखा दिसतो. ऑटो पॉवर ऑफ बंद करा. लॅपटॉपचं स्लीप बंद करा, विंडोज असेल तर पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाचं एक लपलेलं बटण असतं तेही बंद करा, कारण डिझायनर कुशन लावत असते तेवढ्या दहा मिनिटांत लॅपटॉप पोर्टची वीज तोडतो आणि कॅमेरा गायब होतो. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे क्लिक करायच्या आधीच फ्रेम स्क्रीनवर दिसणं, चालू राहिल्यामुळे बॅटरी खूप खाते, म्हणून तीन-चार बॅटऱ्या किंवा भिंतीच्या प्लगवर चालणारी डमी बॅटरी न्या. नव्या फ्लॅटमध्ये कधीकधी मीटरच बसलेला नसतो, तेव्हा लॅपटॉप घरून पूर्ण चार्ज करूनच निघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग, फोटो कुठे सेव्ह होतोय. बऱ्याच कॅमेऱ्यांत टेदर केलं की फोटो फक्त कम्प्युटरवर जाऊ शकतो, कार्डवर काहीच राहत नाही. नाशिकच्या एका घराचं मास्टर बेडरूम मी असंच घेतलं होतं, कार्ड आत होतं म्हणून निश्चिंत होते, संध्याकाळी लॅपटॉपची डिस्क बसली आणि कार्ड उघडलं तर रिकामं. दुसऱ्या दिवशी त्या घराची वास्तुशांत होती, खोली पाहुण्यांच्या बॅगांनी भरली होती. त्या डिझायनरला ती खोली कधीच दाखवता आली नाही आणि मला ते अजून सलतं. त्यामुळे "पीसी आणि कॅमेरा" दोन्हीवर सेव्ह, आणि पहिला फोटो काढला की केबल काढून कॅमेऱ्यात प्ले दाबून बघायचं की तो कार्डवर खरंच आलाय. तीस सेकंद लागतात.

आदल्या रात्री फोल्डर करून ठेवा, हॉल, किचन, मास्टर, मुलांची खोली, देवघर, बाल्कनी असे. खोली बदलली की सॉफ्टवेअरमध्ये पुढचे फोटो जाण्याचं फोल्डर बदलायचं. हे नाही केलं तर घरी येऊन चारशे फाइलींत चारही बाथरूमच्या टाइल्स ओळखत बसावं लागतं.

साइटवर पोचल्यावर लगेच केबल लावू नका. आधी हातात कॅमेरा किंवा मोबाईल घेऊन डिझायनरबरोबर घर फिरा, ऊन कुठल्या खोलीत कधी येतं ते विचारा, दिवसात दहा-बारा चांगल्या फ्रेम होतात हे आधीच सांगा. तीसेक फोटो हवेत म्हणणाऱ्यांना मी सरळ सांगते की मग टेदर नको, मग वेगळ्या पद्धतीचं काम होईल. फ्रेम ठरली की ट्रायपॉड लावायचा आणि मग जोडायचं. ट्रायपॉडवर गिअर हेड असेल तर फार सोपं जातं, एकेक नॉब फिरवून कॅमेरा केसभर हलतो, एकाच गोळ्यावर फिरणाऱ्या बॉल हेडवर डावीकडचं सरळ करायला गेलं की वरचं बिघडतं. लेन्स फुल फ्रेमवर (मोठ्या, ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ एमएमच्या आसपास ठेवा, १६ वर गेलात की दहा बाय अकराची बेडरूम हॉलसारखी दिसते आणि बेड रबरासारखा ताणला जातो, मग प्रत्यक्ष घर बघायला आलेला माणूस डिझायनरवर विश्वास ठेवत नाही. जमलं तर २४ची टिल्ट-शिफ्ट लेन्स एक दिवस भाड्याने घेऊन बघा, कॅमेरा सरळ ठेवून फ्रेम वरखाली सरकवता येते, भिंती आणि वॉर्डरोबच्या उभ्या रेषा उभ्याच राहतात.

लॅपटॉपवर लाइव्ह व्ह्यू चालू करून ग्रिड लावा आणि दरवाजाची चौकट ग्रिडशी जुळवा. इथे मोठी स्क्रीन काय करते ते पहिल्यांदा कळतं, अर्धा अंश तिरकी फ्रेम कॅमेऱ्यात दिसतच नाही आणि लॅपटॉपवर डोळ्यात खुपते. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये शंभर टक्के झूम करून, मॅन्युअलवर. आयएसओ १००, एफ ८, शटर जे येईल ते. शटर लॅपटॉपवरूनच दाबायचं, कॅमेऱ्याला यानंतर कुणीही हात लावायचा नाही, अगदी डिझायनरनेही नाही.

एक किचन सांगते म्हणजे पद्धत कळेल. बावधनचा टू बीएचके, एल आकाराचा ओटा, वर पांढरं क्वार्ट्झ, खाली हिरव्या रंगाच्या ट्रॉल्या, मागे भाजलेल्या विटेसारख्या टाइल्स. ओटा चौतीस इंचांचा, मी कॅमेरा साधारण बेचाळीस-त्रेचाळीस इंचांवर ठेवला म्हणजे ओट्याची वरची पट्टी थोडीच दिसते आणि वरच्या कपाटांची खालची बाजू फार दिसत नाही. पहिली फ्रेम स्क्रीनवर आली. कॅमेऱ्यात ती परफेक्ट वाटत होती. लॅपटॉपवर डिझायनर दोन मिनिटं गप्प बसून बघत होती, मग म्हणाली तांब्याची कळशी नळाला चिकटल्यासारखी दिसतेय. खरंच, कळशीचा काठ आणि नळाची मान यांच्या कडा एकमेकींना टेकत होत्या, प्रत्यक्षात दोघींत फूटभर अंतर होतं. कळशी चार बोटं डावीकडे सरकवली, परत क्लिक. आता नळ सुटा झाला, पण कळशीच्या पोटात खिडकीचा चौकोन उमटला आणि त्यात माझा आकार. मी खाली बसले, परत क्लिक. मग दिसलं की तिसऱ्या ट्रॉलीचं हँडल बाकीच्यांपेक्षा दोन सूत खाली आहे. मिस्त्री तिथेच होते, त्यांनी स्क्रीनवर बघितलं, स्वतःच म्हणाले "ताई, पाच मिनिटं द्या" आणि चॅनेल काढून परत बसवलं. हा फोटो नंतर फोटोशॉपमध्ये दुरुस्त झाला असता, पण मग ते हँडल घरात तसंच राहिलं असतं ना. घरमालकीण काकू सगळं बघत होत्या, शेवटी त्यांनी फ्रिजवरून काढून ठेवलेली कढीपत्त्याची जुडी आणून कळशीशेजारी ठेवली, म्हणाल्या आता माझं किचन वाटतंय. ती फायनल फ्रेम. सात क्लिक, पन्नास मिनिटं.

यातून करायचं काय, तर पहिली फ्रेम आली की सगळ्यांना लगेच मत विचारू नका. डिझायनरला स्क्रीनसमोर बसवा आणि आधी चारही कडा फिरून बघायला सांगा, मग एकमेकांना टेकणाऱ्या वस्तू, मग चमकणारे पृष्ठभाग, काळा टीव्ही, काचेचं शटर, नळ, मिक्सरचं स्टील. शेवटी कापड, म्हणजे चादर, पडद्याच्या चुण्या, कुशन. पडद्याची एक चुणी वाकडी असली तर कॅमेऱ्यात कळत नाही आणि छापल्यावर फक्त तीच दिसते. वस्तू हलवणारा माणूस एकच ठेवा आणि बोलणारा एकच, नाहीतर "थोडं इकडे", "नाही तिकडे" यात अर्धा तास जातो. ग्राहक, त्यांचे सासरे, मुलं सगळ्यांना बघायचं असेल तर त्यांच्यासाठी वेगळा आयपॅड लावून ठेवा, मुख्य स्क्रीन डिझायनरची.

लॅपटॉप कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. खिडकीकडे पाठ करून बसलात तर ऊन स्क्रीनवर पडतं आणि सगळे फोटो काळपट वाटून तुम्ही एक्स्पोजर वाढवत राहता. स्क्रीनचा ब्राइटनेस सकाळी ठरवून दिवसभर तोच ठेवा, नाइट शिफ्ट, ट्रू टोन असलं काही चालू असेल तर बंद, नाहीतर डिझायनर म्हणेल माझा ग्रे पिवळा का दिसतोय आणि तो पिवळा फक्त स्क्रीनवर असेल. आणि हाय ग्लॉस अ‍ॅक्रेलिकचं वॉर्डरोब असेल तर लॅपटॉपच्या स्क्रीनचा निळसर चौकोन त्यात उमटतो, केशरी केबल मार्बलमध्ये उमटते, हे क्लिक करायच्या आधी बघा.

रंगाचा प्रश्न टेदरवरच सुटतो, नंतर नाही. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फॉल्स सिलिंगच्या खाचेतला कोव्ह लाइट ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा), पॅनेल लाइट कुठेतरी ४०००चा, खिडकीतून साडेपाच हजारच्या आसपासचा उजेड, आणि भिंत ऑफ व्हाइट, मग ती भिंत एका बाजूला नारिंगी आणि एका बाजूला निळी. मी प्रत्येक फ्रेमचे तीन-चार फोटो घेते, कॅमेरा न हलवता, एक सगळे दिवे बंद करून फक्त खिडकीच्या उजेडावर, एक दिवे लावून, एक बाहेरचा देखावा नीट येईल एवढा काळा, आणि एक ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला वापरतात तो राखाडी पुठ्ठा, हातात धरून. नंतर लेअर लावून जोडायचे. दिवे बंद असलेला फोटो स्क्रीनवर आला की बहुतेक डिझायनर चकित होतात, त्यांच्या लॅमिनेटचा, वीनियरचा खरा रंग त्यातच दिसतो. लॅमिनेटचा सँपल तुकडा असेल तर तो फ्रेममधल्या खिडकीजवळ धरून बघा, स्क्रीनजवळ धरून नाही.

दिवे लावलेल्या फोटोत आडवे काळे पट्टे दिसले तर घाबरू नका, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० किंवा त्याहून हळू ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात, ट्रायपॉडवर आहोतच. डिमर लावलेले प्रोफाइल लाइट त्रास देतात, ते पूर्ण उजेडावर करा. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, लावला असेल तर लाइव्ह व्ह्यू बघत हळूहळू फिरवा, फरशीवरची चमक कुठे थांबवायची ते डिझायनरला ठरवू दे. मार्बलवरची सगळी चमक घालवली तर तो सिमेंटसारखा दिसतो.

आता ते ओव्हरले. काम सुरू व्हायच्या आधी, घर नुसतं विटा-प्लास्टर असताना एक फोटो घेऊन ठेवला असेल तर त्याच जागी, त्याच उंचीवर सहा महिन्यांनी परत उभं राहायचं असतं. जुना फोटो ओव्हरलेमध्ये टाका, पारदर्शक करा, आणि लाइव्ह व्ह्यूवर तो ठेवून खिडकीची चौकट आणि बीम जुळेपर्यंत ट्रायपॉड सरकवा. मासिकाचं कव्हर असेल तर तेच, कव्हरच्या नावाची पट्टी ओव्हरलेमध्ये टाकली की झुंबर नावाखाली जातंय का ते तिथेच कळतं. लाइटरूममध्येही लेआउट इमेज म्हणून हे जवळपास असंच होतं, पण मला कॅप्चर वनमध्ये जास्त सोपं वाटतं.

कॅमेरा दिसेनासा झाला तर क्रमाने बघा. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर कॅमेरा धरून बसलंय का, मॅकवर फोटोज किंवा इमेज कॅप्चर आपोआप उघडतं आणि कॅमेरा सोडत नाही, ते बंद करा. मग कॅमेरा बंद-चालू. मग केबल थेट लॅपटॉपच्या पोर्टला, हबमधून नको. मग दुसरी केबल, आणि दुसरी केबल बॅगेत असलीच पाहिजे, यात वाद नाही. वायफायवर टेदर होतं, पण ४५ मेगापिक्सेलची रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला सगळा मूळ डेटा) ५० एमबीच्या आसपास जाते आणि सोसायटीत वीस-पंचवीस राउटर चालू असतात, वाट बघत बसावं लागतं. अगदीच अडलं तर वायफायवर फक्त छोटा जेपीईजी पाठवा आणि रॉ कार्डवर राहू दे, डिझायनरला बघायला तेवढं पुरतं.

शेवटची फ्रेम बाल्कनीची किंवा बाल्कनीकडे बघणाऱ्या हॉलची ठेवा. सूर्य मावळल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं आणि आतल्या दिव्यांचा पिवळेपणा त्याच्याशी जुळतो, ती वेळ फार थोडी असते. म्हणून सगळं आधीच लावून ठेवायचं, सगळ्यांनी स्क्रीनजवळ बसायचं, आणि सूर्यास्तापासून दर दोन मिनिटांनी एक क्लिक, कुणीही काहीही हलवायचं नाही. तीस-चाळीस मिनिटांत वीसेक फोटो ओळीने स्क्रीनवर येतात आणि त्यातला कुठला ते डिझायनर तिथेच स्टार देऊन ठरवते. मग लगेच केबल गुंडाळायला घेऊ नका, आधी सगळं फोल्डर बाहेरच्या एसएसडीवर कॉपी करा, कॉपी होईपर्यंत काकूंनी केलेला चहा घ्या, लॅपटॉपवरच्या आणि एसएसडीवरच्या फाइलींचा आकडा जुळवून बघा, आणि कार्ड फॉरमॅट न करता खिशात ठेवा.